सत्तावीस नंबरचं ताट

ओमाहा
२९ ऑक्टोबर १९९७

डॉरी,

हे पत्र न फोडता परत पाठवायचं असेल तर खुशाल पाठव. मागची तीन तशीच आली, चौथ्याचं मला काही वाटणार नाही. पत्ता लिओनाने दिला. बेसीमावशीचीच लेक ती, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यामुळे तू टकोमात नवं घर घेतलंस, तुझे गुडघे दुखतात आणि तुझ्या मुलीला मुलगी झाली, हे सगळं मला कळलेलं आहे. पोरीला माझे आशीर्वाद सांग. कोणाचे ते सांगू नकोस हवं तर.

रविवारी इकडे बर्फ पडलं. ऑक्टोबरात! झाडांची पानं अजून गळायची होती. त्या पानांवर ओलं, जड बर्फ साचत गेलं आणि दिवसभर फांद्या कडाकडा मोडत राहिल्या. आपल्या दारातला मेपल आडवा झाला तो थेट विजेच्या तारांवर. आज चौथा दिवस, वीज नाही. मी आईचा जुना कोट घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून लिहिते आहे, कारण उजेड तेवढा इथेच आहे.

तळघरातला फ्रीजर रिकामा केला. मांस, सूप, ख्रिसमससाठी करून ठेवलेले जर्दाळूचे गोड पाव, आपले कोलाचे, सगळं शेजारपाजारी वाटून टाकलं. गल्लीत मला आता फार भाव आहे. एक वस्तू तेवढी मागच्या ओसरीवर बर्फात पुरून ठेवली आहे. विशेष काही नाही. पण दर तासाला उठून बघून येते, ऊन त्या बाजूला वळलं की वर आणखी दोन फावडी बर्फ टाकते. शेजारचा म्हातारा म्हणाला, "रोझी, प्रेत पुरलंयस की काय?" मी म्हटलं, "तुमच्या जागेची तयारी करून ठेवतेय."

पत्र लिहायला निमित्त झालं ते वेगळंच. बर्फ पडण्याच्या आदल्या आठवड्यात इथल्या संग्रहालयातून एका मुलीचा फोन आला होता. गोठवलेल्या जेवणांचा इतिहास गोळा करताहेत. कारखान्यात काम केलेल्या बायका शोधत होती, माझं नाव कोणीतरी दिलं. प्रश्नांची यादीच होती तिच्यापाशी. पहिली कल्पना कोणाची? मी म्हटलं, बाई गं, त्या पिढीतला या गावातला प्रत्येक माणूस सांगेल की ती त्याच्या मेव्हण्याची होती. कोणी सांगतं टर्की फार उरली होती, कोणी सांगतं विमानातल्या जेवणावरून सुचलं. मला एवढंच ठाऊक आहे की पन्नासच्या सुमाराला नव्हतं, आणि तू शाळेत जायच्या आत घरोघरी होतं. साठच्या सुमाराला ताटात चौथा कप्पा आला, गोडाचा. पुढे अॅल्युमिनियम गेलं, प्लॅस्टिक आलं, कारण सगळ्यांनी मायक्रोवेव्ह घेतले. झाला इतिहास.

मग तिने विचारलं, "लहानपणी टीव्हीसमोर बसून ते जेवताना कसं वाटायचं?"

आता तिला काय सांगू? आपल्याकडे टीव्ही होता कुठे? त्या जेवणाच्या खोक्यावरच टीव्ही छापलेला होता, बटणांसकट. रिकामा खोका तू टेबलावर उभा करायचीस, आणि आपण दोघी त्याच्याकडे बघत जेवायचो. "आज काय लागलंय?" मी विचारायची. "टर्की," तू म्हणायचीस. रोज टर्कीच लागलेली असायची.

हे मी तिला सांगितलं नाही. ते तुझं-माझं आहे.

हात गारठले. पुरे.

रोझी


२ नोव्हेंबर

डॉरी,

अजून वीज नाही. पहिलं पत्र परत आलेलं नाही, पण त्यावरून काही ठरवायची घाई मी करत नाही, टपालच आठवडाभर अडलेलं आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाने माझी झोप मात्र उडवली आहे. तिला कारखान्याची माहिती हवी होती आणि मी तिला आकडे देत बसले, तिकडे डोळ्यांपुढे सारखी आई. तू सहा वर्षांची होतीस. तुला तिच्यातलं किती आठवतं ते मला कधीच कळलं नाही. मी कधी विचारलंही नाही म्हणा. म्हणून लिहिते.

पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या. पट्ट्यावरून तीन कप्प्यांची अॅल्युमिनियमची ताटं सरकत यायची. एकीने मक्याच्या पावाचं सारण टाकायचं, दुसरीने त्यावर टर्कीचे काप, तिसरीने रस्सा, मग मटार, मग रताळं. आई शेवटची. ती वाढत नव्हती, ती बघायची. एकही कप्पा रिकामा किंवा अर्धा दिसला की ताट बाजूला काढायचं. तिने सोडलेल्या ताटावर चंदेरी कागद बसायचा आणि खोक्याच्या कडेला तिचा नंबर उमटायचा, म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार आली तर कान कोणाचा धरायचा ते कळावं. सत्तावीस. विल्मा कुबात म्हणजे सत्तावीस.

झेलेंका यांच्या दुकानात आपण खोके उलटेपालटे करून तो नंबर शोधायचो. म्हातारा ओरडायचा, "पोरींनो, जेवण घ्यायचंय की वाचनालय समजलात?" सत्तावीस सापडला की तू तो खोका पोटाशी धरून घरापर्यंत यायचीस, आणि तुझा कोट ओला होतो म्हणून मार मी खायची.

बेसीमावशी आली की नाक मुरडायची. "आमची विल्मा अख्ख्या अमेरिकेला जेवू घालते, घरची चूल तेवढी थंड." आई हसून म्हणायची, "बेसी, तुझे डम्पलिंग खाऊन माणूस झोपतो, माझं जेवण खाऊन कामाला जातो." पण मावशीचं खोटं नव्हतं. आठवड्यातून चार दिवस आपण कारखान्याचंच खायचो. बाजूला काढलेली ताटं कामगारांना मिळायची. एखाद्यात दोनदा मटार, एखाद्यात रस्साच नाही. बर्फघरात आपला भाड्याचा लॉकर होता, तो नेहमी असल्या ताटांनी भरलेला. ओव्हनमध्ये पंचवीस मिनिटं, आणि मग आपली अदलाबदल सुरू. तू मटार एकेक करून बोटाने माझ्या ताटात ढकलायचीस. मला रताळ्याची शिसारी, ते सगळं तुझ्याकडे. तुला टर्कीचं पांढरं मांस लागायचं, मला तंगडीचं काळं. आई म्हणायची, "तुम्हा दोघींना मिळून एकच ताट पुरलं असतं. मी उगाच दोन गरम करते."

छप्पनच्या सप्टेंबरात बाळ झालं, ते रडलंच नाही. तुला सांगितलं होतं की इस्पितळवाल्यांनी ते दुसऱ्या कोणाला दिलं. मी नाही, बेसीमावशीने. खोटं बोलायची आपल्या घरात परंपराच होती, मी फक्त ती पुढे चालवली.

आई तिसऱ्या आठवड्यात कामावर गेली. नाताळापर्यंत ठीक होतं असं बाबा म्हणायचे, पण बाबांना ठीक दिसायला माणूस उभं असलं तरी पुरायचं. मग कारखान्यातून बायका सांगायला लागल्या. रिकामा कप्पा दिसला की विल्मा रडते. ताट बाजूला काढत नाही, हातात धरून उभी राहते. जानेवारीत एक दिवस तिने पट्टा थांबवला. पलीकडची ताटं येऊन एकमेकांवर चढली, मटार जमिनीवर, आणि ती मुकादमबाईला समजावते आहे की हे असंच पुढे जाऊ देता येणार नाही, कोणीतरी यात काहीतरी घालायला हवं.

पुढच्या सोमवारी बाबा तिला दूरच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेले. जाताना तिने तुझ्या केसांना फीत बांधली. एवढं तुला आठवत असेल.

रोझी


६ नोव्हेंबर

डॉरी,

परवा वीज आली. ओसरीवरचं पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवलं. कडा थोड्या मऊ पडल्या होत्या, असो.

आज कामाचं लिहायचं ठरवून बसले आहे, आणि कॉफीचा तिसरा कप झाला तरी तुझ्या नावापुढे पेन सरकत नव्हतं. मी शाळेच्या खानावळीत वाढते हल्ली. दोनशे पोरांना आवाज देऊन गप्प करते. तुझ्यापुढे माझी वाचा जाते.

एकाहत्तरमध्ये बाबांच्या दफनाच्या वेळी तू मला एकच वाक्य बोललीस: "तुला दर वेळी तोंड उघडता आलं असतं." मी म्हटलं, "बाबांनी मना केलं होतं." हे खोटं होतं. मेलेल्या माणसाच्या उशाशी उभी राहून मी त्याच्यावर घातलं. इस्पितळातून परत आल्यावर बाबा मला म्हणाले होते, "मला बोलता येत नाही. धाकटीला तू सांग. आई आजारी आहे, कधी बरी होईल ठाऊक नाही, असं सरळ सांग." गल्लीत त्यांनी आई शिकागोला नातेवाइकांकडे गेली अशी थाप मारली, कारण वेड्यांच्या इस्पितळाचं नाव निघालं असतं तर कोणी आपल्या दारात उभं राहिलं नसतं. पण तुला सांगायला त्यांनी सांगितलं होतं. मला. मी बारा वर्षांची होते आणि मला ते जमलं नाही. चुकलं एवढंच नाही डॉरी, मला ते नकोच होतं.

कारण त्याच आठवड्यात तू झेलेंकांच्या दुकानातून ओरडत आलीस, "रोझी! सत्तावीस! आई कामावर आहे!"

कारखान्यात नंबर माणसाबरोबर जात नाहीत. एक बाई गेली की तिचा बिल्ला पुढच्या बाईच्या छातीवर. आईचा नंबर अॅडेला यिराक नावाच्या बाईला मिळाला होता. हे कामगारांच्या घरातल्या कोणालाही कळलं असतं, तू सोडून, कारण तू सहा वर्षांची होतीस. मी तुझ्याकडे बघितलं. तुझा कोट ओला झालेला. मी म्हटलं, "बघ, म्हटलं नव्हतं? तिला जास्तीच्या पाळ्या आहेत. ती तिकडेच बायकांच्या खोल्यांत राहते."

झालं. पुढची चार वर्षं तू जेवायच्या आधी नंबर मोठ्याने वाचायचीस, लोक देवाचं नाव घेतात तसा. दुसरा नंबर असला तर तू खायचीस पण मुकाट्याने. सत्तावीस असला की सांगायचीस, "आज आईने रस्सा जास्त सोडलाय." मी म्हणायची, "हो, तुझ्यासाठी."

साठच्या नोव्हेंबरात आई गेली. न्यूमोनिया. तिथेच पुरलं. मी आणि बाबा गेलो होतो. तुला सांगितलं की बाबांच्या मित्राचं लग्न आहे. तुझ्यासाठी येताना मी चर्चशेजारच्या बेकरीतून केकचा तुकडा आणला, लग्नाचा म्हणून. तो तू खाल्लास. डॉरी, तो तुकडा मला अजून गिळता आलेला नाही.

आणि त्याच हिवाळ्यात यिराकबाईंनी लग्न करून गाव सोडलं. खोक्यांवरून सत्तावीस नाहीसा झाला. एक आठवडा तू झेलेंकांच्या दुकानातले सगळे खोके उलटेपालटे केलेस. दुसऱ्या आठवड्यात जेवेनाशी झालीस. तू अकराची होत आली होतीस, तुला बहुतेक सगळं कळत होतं आणि तरी तू त्या आकड्याला लोंबकळत होतीस. बाबा म्हणाले, "डॉक्टर बोलवू का?" मी म्हटलं, थांबा.

मी दहावीतून नाव काढलं आणि कारखान्यात गेले. मुकादमबाई आईला ओळखायची. म्हणाली, "विल्माची ना गं तू? मटारावर उभी राहशील?" मी म्हटलं, "कुठेही उभी करा. मला नंबर सत्तावीस द्या, आणि तपासणीला ठेवा." ती माझ्याकडे बघत राहिली. मग खणातून बिल्ला काढून दिला. मला वाटतं ती बाई समजली होती.

मार्चमध्ये तू पुन्हा जेवायला लागलीस.

तुला सांगितलं होतं की मी धुलाईच्या दुकानात आहे. तू विचारायचीस, "मग तुझ्या केसांना मटाराचा वास का येतो?" मी सांगितलं, शेजारी खानावळ आहे. तू नाक वर करून म्हणालीस, "बरी आहे गं खानावळ. रोज टर्की करतात." मला वाटायचं तू फसलीस. आता वाटतं, तू मला फसू देत होतीस.

त्रेसष्टच्या जूनमध्ये, पाळी सुटायच्या वेळी तू फाटकाशी उभी होतीस. निळा फ्रॉक. हातात फुलं होती, झेंडूसारखी काहीतरी पिवळी, कोणाच्या तरी कुंपणातून तोडलेली. तू रखवालदाराला विचारलं होतंस की सत्तावीस नंबरची बाई कोणती. तो भला माणूस, त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

तू माझ्या तोंडाकडे बघितलंच नाहीस. बिल्ल्याकडे बघत होतीस. मग फुलं तिथेच पायरीवर ठेवून चालू लागलीस, आणि त्या रात्रीपासून बेसीमावशीकडे राहिलीस.

मी तो बिल्ला पुढे एकोणतीस वर्षं लावला. लोकांना वाटायचं मी कामाची भारी पक्की. मला वाटायचं, कधीतरी तू कुठल्यातरी दुकानात खोका उलटा करून बघशील.

हे सगळं मी माफीसाठी लिहीत नाही. लिहिते आहे कदाचित माफीसाठीच.

रोझी


१३ नोव्हेंबर

डॉरी,

तुझं कार्ड आलं. चौतीस वर्षांत तुझं अक्षर बदललं नाही, अजून उजवीकडे पडतं. मी ते उभ्या उभ्या वाचलं, मग कोट न काढता खुर्चीवर बसले.

"रोझी, सत्तावीसचं मी केव्हाच सोडून दिलं. आपण सगळी पोरंच होतो. माझा वाढदिवसाचा डबा तू खाल्लास का? एवढंच सांग. – डी."

म्हणजे तुला ठाऊक होतं. तीन पत्रं मी नंबराभोवती घोटाळत राहिले, पट्टा, मुकादम, मटार, सगळं सांगितलं, आणि हे एक पोटात ठेवलं. मला वाटायचं ते माझं एकटीचं आहे. आणि तू फीत बांधून घेताना आईने तुझ्या कानात सांगितलं होतं, नाही का? वाढदिवसाला रोझी तुला तुझ्या नावाचा डबा देईल.

आता ऐक.

इस्पितळात नेण्याआधीच्या शनिवारी आई मला बर्फघरात घेऊन गेली. मुकादमबाईने तिला त्या दिवशी पट्ट्यावर नाही, बाजूच्या टेबलाशी बसू दिलं होतं. तिथे तिने स्वतःच्या हाताने एक ताट भरलं होतं. तिने आयुष्यात हजारो ताटं बघून सोडली, पण वाढलेलं हे एकच. खोक्यावर पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, डॉरी. तिने ते लॉकरच्या तळाशी ठेवलं. म्हणाली, "एकोणीस मार्चला हे काढ. आणि..."

पुढचं मी ऐकलं नाही. मी खोक्याकडे बघत होते. त्यावर एकच नाव होतं. बाळ गेल्यापासून घर मी सांभाळत होते, तुझे केस मी विंचरायची, आईने टाकलेली भांडी मी घासायची, आणि जाताना तिला आठवली ती तू. मी लॉकरचं दार आपटलं. आई काहीतरी बोलत होती, तिच्या तोंडातून वाफ निघत होती एवढं दिसलं. मी म्हटलं, "चल, मला थंडी वाजते." बर्फघरात आणखी काय वाजणार होतं.

एकोणीस मार्चला मी तुला साधा डबा दिला. यिराकबाईंचा. तू खोका हातात घेऊन फिरवलास. एकदा, पुन्हा एकदा. म्हणालीस, "यावर काही लिहिलेलं नाही?" मी म्हटलं, "काय लिहिलेलं असणार?" तू म्हणालीस, "काही नाही." आणि जेवलीस. मटारसुद्धा खाल्लेस. सात वर्षांची पोर, आणि तू मटार खाल्लेस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आधी वाटलं, पुढच्या आठवड्यात देईन. मग वाटलं, कसं सांगू की उशीर का झाला. मग आई गेली, आणि तो खोका कोणालाही देण्याजोगा राहिला नाही, मलासुद्धा. तू गेल्यावर बर्फघर बंद झालं, तेव्हा मी साठवलेला पगार घालून फ्रीजर घेतला. बाबा म्हणाले, "दोन माणसांना एवढा कशाला?" तो बिघडला तेव्हा दुसरा घेतला. हा तिसरा.

ओसरीवर बर्फात पुरलं होतं ते हेच.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, डॉरी. मी तो खाल्ला नाही. चाळीस वर्षांत चंदेरी कागदाचा कोपरासुद्धा उचलला नाही. मला माझ्यासाठी नसलेलं ताट बघायचं नव्हतं.

तू मला आजवर चोर समजत होतीस, म्हणजे कमीच समजत होतीस. चोराने निदान पोट तरी भरलं असतं.

रोझी


१४ नोव्हेंबर, दुपार

डॉरी,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि मला घरात बसवेना. ते तुला पाठवावं म्हटलं, तर टपालात तीन दिवसांत काय राहणार? ठेवावं म्हटलं, तर पुन्हा एखादं झाड तारांवर पडायचं आणि मी पुन्हा फावडं घेऊन ओसरीवर. तुला विचारायला हवं होतं. पण एवढी वर्षं तुला न विचारता केलं, त्यात आणखी एक.

खोक्यावर लिहिलं होतं तसंच केलं. ओव्हन तापवला. पंचवीस मिनिटं. ओव्हनच्या दाराशी खुर्ची घेऊन बसले. वास आला, जुनाट, कोंदट, आणि मध्येच एकदा, अगदी क्षणभर, आपल्या स्वयंपाकघराचा. मी रिकामा खोका टेबलावर उभा केला. तुझं नाव माझ्याकडे तोंड करून.

मग कागद काढला.

मोठ्या कप्प्याच्या मधोमध तिने सारणाची भिंत घातली आहे. चमच्याच्या पाठीने दाबून, सरळ. भिंतीच्या एका बाजूला पांढऱ्या मांसाचे काप. दुसऱ्या बाजूला तंगडीचं, काळं. पांढऱ्याच्या बाजूचा छोटा कप्पा रताळ्याने काठोकाठ भरलेला, त्यात एक मटार नाही. काळ्याच्या बाजूच्या कप्प्यात नुसते मटार. इतके की काही रश्श्यात सांडले आहेत.

मी ते ताट धरून उभी राहिले, आई राहायची तशी. कुठलाही कप्पा रिकामा नव्हता.

"एकोणीस मार्चला हे काढ. आणि..." आणि दोघी मिळून खा. यापलीकडे ती दुसरं काय म्हणाली असेल? वाढदिवस तुझा म्हणून नाव तुझं. तिने आपल्याला एका ताटात वाढलं होतं, डॉरी. मी दार आपटलं नसतं तर मला तेव्हाच ऐकू आलं असतं. बारा वर्षांची असताना दोन शब्द ऐकायचे राहिले, आणि त्यापायी तुला आई मिळाली नाही, मला बहीण.

मी सुरीने भिंतीच्या मधोमध कापलं. अॅल्युमिनियम कापायला कात्री लागली, बोट चिरलं. तुझा अर्धा पुन्हा कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवला आहे. खाण्यासारखं काही नाही त्यात. रताळं काळं पडलंय आणि मांसाचा नुसता भुसा झालाय. खायला ये म्हणत नाही मी. तिने भिंत किती सरळ घातली होती, तेवढं बघायला ये. नाही आलीस तरी मी फ्रीजर चालू ठेवीन, त्याची मला सवय आहे.

कालच्या पत्रातलं उत्तर तेवढं दुरुस्त करून घे. तू विचारलंस, डबा खाल्लास का.

हो. आज दुपारी, टेबलाशी बसून, तुझ्या नावाच्या खोक्याकडे बघत. फक्त माझा अर्धा. मटार सगळे संपवले.

तुझी,
रोझी